तराजूला न कळणारा धूर

नगर शहरातील शिक्षक असो, जिल्हा परिषदेतील कारकून असो की सावेडीहून दुचाकीवर महाविद्यालयात येणारा विद्यार्थी असो, ज्याच्याजवळ पेट्रोलवर चालणारे वाहन आहे त्याच्याजवळ पीयूसीचा कागद असावा लागतो. पोलिसाने हात केला की तो काढून दाखवायचा आणि मुदत संपली की पुन्हा नवा घ्यायचा, यापलीकडे त्या कागदाकडे कोणी फारसे पाहत नाही. पाहिले तर त्यावर कार्बन मोनॉक्साइडच्या टक्केवारीखाली आणखी एक आकडा आढळतो. तो हायड्रोकार्बनचा असतो आणि तो दशलक्ष भागांत किती भाग अशा हिशेबाने लिहिलेला असतो. सन २००० पूर्वीच्या दुचाकीला या रकान्यात ९,००० पर्यंत मोकळीक होती. त्यानंतरच्या दोन-स्ट्रोक गाड्यांना ती ६,००० वर आणि चार-स्ट्रोक गाड्यांना ४,५०० वर आली आणि पुढे भारत स्टेज मानकांबरोबर ती आणखी आवळली गेली. हवेतील सेंद्रिय प्रदूषकाचे मोजमाप म्हणून सामान्य नगरकराच्या हाती आयुष्यात पडणारा आकडा बहुधा हा एवढाच. तोही हवेचा नव्हे. जागेवर उभ्या असलेल्या एका गाडीच्या धुराचा.

येथे शब्दाचा थोडा घोटाळा आहे, तो आधीच दूर करावयास हवा. मराठीत ‘सेंद्रिय’ हे विशेषण अलीकडे पावित्र्यसूचक झाले आहे. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजी, सेंद्रिय शेती, या सर्वांत ते विषमुक्ततेची हमी म्हणून वावरते. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे, मग ती उसाच्या रसातली साखर असो की डांबरातले विष. पेट्रोलमधून उडून जाणारे बेंझीन आणि टोल्यूइन ही सेंद्रियच. लाकूड, पालापाचोळा, डिझेल अर्धवट जळताना काजळीला चिकटून बाहेर पडणारी अनेक वलयांची संयुगे हीदेखील सेंद्रिय. बेंझो-ए-पायरीन हे त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध नाव. पहिल्या गटातील द्रव्ये वायुरूपाने हिंडतात, दुसऱ्या गटातील धुळीच्या कणावर बसून प्रवास करतात. मोजमापाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकाला नळीत पकडावे लागते आणि दुसऱ्याला गाळणकागदावर.

शासनाला ही द्रव्ये ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जी राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानके अधिसूचित केली, त्यांत बारा प्रदूषक आहेत, आणि त्या बारांत बेंझीन व बेंझो-ए-पायरीन ही दोन सेंद्रिय संयुगे नावानिशी आहेत. बेंझीनची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, बेंझो-ए-पायरीनची १ नॅनोग्रॅम. ती कोणत्या पद्धतीने मोजावीत हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे कायद्याची बाजू पुरी झाली. परंतु एप्रिल २०१५ मध्ये जो हवा गुणवत्ता निर्देशांक देशात सुरू झाला, जो आज वृत्तपत्रांत रोज छापला जातो आणि हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत मोबाइलवर दिसतो, तो आठ प्रदूषकांवरून काढतात. दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे असे ते आठ. त्यांत सेंद्रिय संयुग एकही नाही. राष्ट्रीय हवा संनियंत्रण कार्यक्रमातही देशातील सर्व केंद्रांवर नियमाने मोजावयाची म्हणून जी चार द्रव्ये ठरली आहेत, ती म्हणजे दोन धूलिकण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. बेंझीन आणि त्याची भावंडे काही थोड्या ठिकाणी मोजली जातात. एरवी ती अधिसूचनेच्या पानावरच राहतात.

यावर असे विचारले जाते की, धूलिकण मोजले म्हणजे धूर मोजला गेलाच की. मग वेगळा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न दिल्लीत वा मुंबईत कसाही सुटो, नगर जिल्ह्यात त्याचे उत्तर वेगळे आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा आहे. त्याच्या उत्तरेला प्रवरा आणि गोदावरी यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस आहे, तर दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांतील उघडी, हलकी जमीन आहे. उन्हाळ्यात तेथून उठणारी माती आणि हिवाळ्यात चुलीतून, फडातून, वीटभट्टीतून उठणारी काजळी दोन्ही गाळणकागदावर जमा होतात. कागद तराजूत टाकला की तराजू फक्त वजन सांगतो. ते वजन कर्जतच्या रानातल्या मातीचे आहे की कोपरगावच्या पाचटाच्या धुराचे आहे, हे तराजूला कळत नाही. श्वासनलिकेला मात्र ते कळते. मातीचा कण खोकला आणील, दमा वाढवील. काजळीचा तेवढाच कण त्याखेरीज आपल्या पाठीवर कर्करोगकारक संयुगे घेऊन फुप्फुसाच्या तळाशी जातो. दोन गावांच्या धुळीचे आकडे समान असूनही त्यांची हवा समान नसते, ती यामुळे.

हे ज्ञान नवे नाही. लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तेव्हा काजळीत नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते उमगावयास दीडशे वर्षे लागली. लंडनमधीलच संशोधकांनी दोन टन डांबर घेऊन, ते पुनःपुन्हा उकळून, गाळून, स्फटिक करून १९३३ मध्ये त्यातून अवघे काही ग्रॅम बेंझो-ए-पायरीन वेगळे काढले. बेंझीनचे गुपित उलगडण्यास इस्तंबूलचे चांभार कारणीभूत झाले. बूट चिकटवण्याच्या डिंकात बेंझीन असे. बंद खोल्यांत दिवसभर तो वास घेणाऱ्या कारागिरांत रक्ताचा कर्करोग वाढलेला डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांना दिसला आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांनी तो जगापुढे मांडला. आज ही दोन्ही द्रव्ये माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात आहेत आणि बेंझीनची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मोजमाप अवघड का, याची कल्पना साखरेच्या जिल्ह्याला साखरेच्या दाण्यावरूनच द्यावी. साखरेचा बारीक दाणा साधारण अर्धा मिलिग्रॅम भरतो. तेवढ्या वजनाचे बेंझो-ए-पायरीन घेतले आणि मानकात सांगितलेल्या मर्यादेइतके ते हवेत पसरले, तर दहा फूट लांब, दहा रुंद आणि दहा उंच अशा सतरा-अठरा हजार खोल्या त्याने मर्यादेपर्यंत भरतील. इतके अल्प द्रव्य शोधावयाचे म्हणजे प्रथम पुष्कळ हवा ओढली पाहिजे. यास्तव मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा खेचणारा पंप आणि त्यापुढे गाळणकागद बसवलेले यंत्र गच्चीवर ठेवतात. रात्रंदिवस हवा खेचल्यावर तो कागद काळवंडतो. त्यावरील काजळी द्रावकात उतरवून घेतात आणि तो द्राव वर्णलेखनाच्या, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातून सोडतात. प्रत्येक संयुग आपापल्या वेळी बाहेर येते आणि कागदावर आपले शिखर काढून जाते. त्या शिखरांच्या रांगेत बेंझो-ए-पायरीनचे शिखर ओळखावयाचे आणि त्याखालील क्षेत्रफळ मोजावयाचे, एवढेच ते काम. एवढेच म्हणावयाचे, पण त्यात हात शुद्ध लागतो, भांडे शुद्ध लागते, आणि कोरा कागदही तेवढ्याच काळजीने तपासावा लागतो. न वापरलेल्या कागदातच विष निघाले तर सगळा हिशेब फुकट जातो.

बेंझीनची तऱ्हा याहून सोपी. ते धुळीवर बसत नाही, म्हणून त्याला पकडण्यासाठी कोळसा लागतो. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्यासाठी जो कोळसा वापरतात तो नारळाच्या करवंटीचा असतो. बोटाएवढ्या काचेच्या नळीत पुढे १०० मिलिग्रॅम आणि मागे ५० मिलिग्रॅम असा तो भरलेला असतो. हवा हळूहळू नळीतून ओढली की बेंझीन पुढच्या भागात अडकते. मागचा भाग पहारेकऱ्याचा असतो. त्यात बेंझीन सापडले तर पुढचा कोळसा भरून वाहिला आणि मोजमाप बाद झाले, असे समजावे. याहूनही साधा प्रकार म्हणजे पंपच न लावता केवळ हवेच्या स्वाभाविक विसरणावर चालणारी नळी. ती विजेच्या खांबाला वा शाळेच्या खिडकीला आठवडा-पंधरवडा टांगून ठेवतात आणि मग बूच लावून प्रयोगशाळेत पाठवतात. तिला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही, आवाजही होत नाही. युरोपातील शहरांनी आपले बेंझीनचे नकाशे पुष्कळ अंशी अशा टांगलेल्या नळ्यांवर काढले आहेत.

महाराष्ट्रात हे कधी झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर, कानपूर आणि पुणे या सहा शहरांत जो मोठा अभ्यास करविला आणि ज्याचे अहवाल २०१०-११ च्या सुमारास प्रसिद्ध झाले, त्यात मुंबईचे काम नागपूरच्या ‘नीरी’ने आणि पुण्याचे ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेने केले. तेथे नुसती धूळ तोलली नाही. बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, बहुवलयी संयुगे आणि लेव्होग्लुकोसान नावाचे एक द्रव्यही तपासले. हे शेवटचे नाव नगरच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. लाकूड, पाला, कडबा यांतील सेल्युलोज जळाल्यावरच ते निर्माण होते. पेट्रोल-डिझेलपासून होत नाही. गाळणकागदावर ते सापडले की धुरात वनस्पतीचा वाटा आहे, हे सिद्ध होते. ते सरपणाचे की उसाच्या पाचटाचे, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी हंगाम आणि वाऱ्याची दिशा यांची साक्ष काढावी लागते. पुणे नगरपासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरांवर आहे. पण सहा महानगरांची यादी संपली आणि जिल्ह्याची गावे नेहमीप्रमाणे यादीबाहेर राहिली.

नगरचे दुर्दैव असे की, येथे मोजण्याची परंपरा आहे. फक्त ती दुसऱ्या टोकाला लागलेली आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, याच शहराच्या वेशीवर आहे. नव्या वाहनांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत तिचे नाव आहे, आणि वाहनाच्या धुरातील हायड्रोकार्बन ही त्या प्रमाणपत्रासाठी तपासावयाची एक बाब आहे. १९७२ मध्ये रस्त्यावर आलेल्या लुना या मोपेडचे नाव ज्या कारखान्यामुळे नगरशी जोडले गेले, तोही इथलाच. त्या पिढीतील दोन-स्ट्रोक इंजिनांत इंधनाच्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर पडत असे. तो दोष कोणा एका कारखान्याचा नव्हता. त्या इंजिनाच्या रचनेचाच होता. कारकुनाला आणि शिक्षकाला पहिल्यांदा स्वतःचे वाहन परवडले ते याच इंजिनांमुळे, हेही विसरता येत नाही. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, नळकांड्याच्या तोंडाशी काय निघते याचे शास्त्र ज्या गावात अर्धे शतक नांदते आहे, त्या गावाच्या माळीवाड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी काय पोचते, हा प्रश्न तेथे लोकांच्या चर्चेत आलेला नाही.

शहरातून बाहेर पडल्यावर प्रश्न संपतो असेही नाही. उलट तो रूप पालटतो. केडगाव, बोल्हेगाव, नागापूर, भिंगार ही उपनगरे एका बाजूने महामार्गाला आणि औद्योगिक वसाहतीला लागून आहेत, तर दुसऱ्या बाजूने शेताला. तेथे ट्रकचा धूर आहे, रंगकामातल्या द्रावकांची वाफ आहे आणि संध्याकाळी चुलीचाही धूर आहे. पेट्रोलमधील बेंझीनचे प्रमाण मानकांनी १ टक्क्यावर आणले हे खरे, पण ते शून्य झाले नाही. आणि पंपावर दिवसभर नळी हातात धरून उभा राहणारा मुलगा त्या उरलेल्या टक्क्याच्या वाफेत उभा असतो. नव्या पंपापासून शाळा, रुग्णालये आणि वस्ती किमान ५० मीटर दूर असावी, आणि काही खास उपाय केले तरी ३० मीटरच्या आत येऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय मंडळाने काढली. जुन्या पंपांच्या भोवती वस्ती आधीच वाढलेली आहे. त्या वस्तीत बेंझीन किती, हे पन्नास मीटरच्या फितीने नव्हे, कोळशाच्या नळीनेच समजेल.

वायुरूप सेंद्रिय द्रव्यांचा आणखी एक उपद्रव शहराबाहेरच होतो. लॉस एंजेलिसचे धुके कशाने होते, हे १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले. त्यापूर्वी तो अननसाच्या स्वादद्रव्यांवर संशोधन करीत होता. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि त्याला काही तास लागत असल्याने तो बऱ्याचदा शहरात नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या उपनगरांत आणि शेतांत जास्त आढळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या एका वर्षी भारतात ओझोनमुळे गव्हाची सुमारे ३५ लाख टन आणि भाताची सुमारे २१ लाख टन हानी झाल्याचा अंदाज आहे. ओझोन मोजला जातो, तो निर्देशांकातही आहे. त्याचे जन्मदाते हायड्रोकार्बन मात्र मोजले जात नाहीत. चोरीचा माल पंचनाम्यात लिहावा आणि चोराचे नाव लिहू नये, अशातला हा प्रकार.

आता घराच्या आत यावे. जिल्ह्यातील सुमारे चार पंचमांश लोक २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागात राहतात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत सिलिंडर आला. तरीही परसातली चूल विझली नाही. अंघोळीच्या पाण्याचा बंब, बाजरीची भाकरी, जनावरांची आंबवण यांसाठी गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या जळतच राहिल्या. आणि ऊसतोडणीच्या हंगामात कोपीपुढे तीन दगड मांडून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीजवळ तर दुसरे साधनच नसते. या धुराचे पहिले मोठे मोजमाप शेजारच्या गुजरातेत झाले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रे अडकविली. चुलीपुढच्या हवेत दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम धूळ आणि सुमारे ४,००० नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीन आढळले. आजची १ नॅनोग्रॅमची मर्यादा वर्षाच्या सरासरीची आणि मोकळ्या हवेची आहे, आणि स्मिथ यांचा आकडा स्वयंपाकाच्या तेवढ्या वेळेचा आहे. दोहोंची सरळ तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीपण स्वयंपाक रोज दोनदा होतो, हे शास्त्रालाही मान्य करावे लागेल. १९८३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा घरातला धूर हा प्रदूषणाचा विषय असू शकतो हेच अनेक तज्ज्ञांना नवीन होते. त्या बायकांना ते नवीन नव्हते.

उसाच्या पाचटाची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्रात ऊस हिरवा तोडतात. वाढे जनावरांना जातात आणि पाचट रानात उरते. हेक्टरी आठ-दहा टनांचा तो पसारा खोडव्याला पाणी देताना आड येतो, म्हणून काडी लावली जाते. ते कुजवून सरीत ठेवावे असे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते सांगत आले आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची युक्ती काढली आणि तिला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तरीही काडी लागतेच. शेतकऱ्याला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. मात्र एका गावात किती जळते आणि त्याने शाळेच्या अंगणात काय उतरते, हा आकडा हाती नसताना दिलेला दोष त्याला लागत नाही, आणि त्याने केलेली सुधारणाही कोणाला दाखविता येत नाही. मोजमापाची भीती शेतकऱ्याला वाटते, ती उद्या नोटीस येईल म्हणून. पण ज्याने पाचट कुजविले त्याच्या गावची हवा खरोखर सुधारली, हे सिद्ध करण्यासही तेच मोजमाप लागते.

आणि आता इथेनॉल. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास ज्या प्रवरेच्या काठी उभा राहिला, त्या जिल्ह्याच्या उसाचा मद्यार्क आज देशाच्या पेट्रोलमध्ये मिसळतो. २०२५ मध्ये हे मिश्रण २० टक्क्यांवर गेले. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. आणि पेट्रोलचा तेवढा भाग कमी झाल्याने बेंझीनही घटते. परंतु इथेनॉल जळताना अ‍ॅसिटाल्डिहाइड बाहेर पडते. ब्राझीलने १९७५ पासून मद्यार्कावर गाड्या चालविल्या आणि १९८० नंतरच्या दशकात रिओ व साओ पावलो येथील हवा तपासली, तेव्हा अ‍ॅसिटाल्डिहाइडचे प्रमाण इतर देशांतील शहरांपेक्षा ठळकपणे अधिक निघाले. आजच्या गाड्यांतील उत्प्रेरक उपकरण त्यातील बराच भाग जाळून टाकते, म्हणून येथेही तसेच होईल असे नाही. होणार नाही, असेही न मोजता म्हणता येत नाही. आणि अ‍ॅल्डिहाइडे तर २००९ च्या बारा प्रदूषकांच्या यादीतही नाहीत. ज्या जिल्ह्याने हे इंधन देशाला दिले, त्याच्याच हवेत त्याचा परिणाम प्रथम तपासला जावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

खर्चाची सबब येथे फार काळ टिकणार नाही. प्रत्येक तालुक्याला लक्षावधी रुपयांचे स्वयंचलित केंद्र मिळणार नाही, हे उघड आहे, आणि मिळाले तरी त्यातला निर्देशांक सेंद्रिय द्रव्यांविषयी मुकाच राहील. टांगण्याच्या नळ्या मात्र परवडण्याजोग्या आहेत. जिल्ह्यात १९४७ पासूनचे अहमदनगर महाविद्यालय आहे, प्रवरेकाठी लोणीची विद्यालये आहेत, राहुरीचे विद्यापीठ आहे; रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात आणि बहुधा तोच तो जुना विषय नव्या पुठ्ठ्यात बांधून देतात. माळीवाडा, सावेडी, नागापूर, लोणी, कोपरगाव आणि मुद्दाम दूरचे म्हणून जामखेडचे एखादे गाव, अशा सहा ठिकाणच्या सहा शाळांच्या खिडक्या पुरतील. नळ्यांचे पृथक्करण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यावर नजर ठेवावी. काही नळ्या बूच न काढताच परत पाठवाव्यात, म्हणजे प्रयोगशाळेची आपोआप परीक्षा होईल. धुळीच्या कागदांतून वर्षाकाठी महिन्याला एक जरी बेंझो-ए-पायरीनसाठी तपासला, तरी माती किती आणि काजळी किती, याचा पहिला अंदाज येईल. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नव्या नावाच्या पाटीबरोबर हवेचा हा जमाखर्चही नव्याने मांडता आला असता, अजूनही येईल.

त्यात घाई आहे ती एकाच गोष्टीची. पावसाळा सरला की दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, कोप्या उभ्या राहतात आणि रात्री हवा थंड होऊन धूर खाली बसू लागतो. त्याआधीचे, पावसाने धुतलेल्या हवेचे जे पंधरा दिवस असतात, त्यांच्याशीच पुढच्या पाच महिन्यांची तुलना करावयाची असते. पहिल्या नळ्या त्या पंधरा दिवसांत टांगल्या गेल्या पाहिजेत. ते दिवस गेले की तुलनेसाठी पुन्हा वर्षभर थांबावे लागते.